ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात

एकाच पाकिटात दोन पानं आली आहेत, दोन वेगळ्या अक्षरांत. ज्यांनी पाठवली त्यांच्या परवानगीने दोन्हींमधला गाभा इथे देते. नवख्यांसाठी एवढंच: हॉट रॉड म्हणजे वेगासाठी सुटसुटीत करून, बहुधा दुसरं इंजिन बसवून बदललेली जुनी गाडी. फ्लॅटहेड व्ही-एट हे फोर्डचं जुन्या घडणीचं आठ सिलिंडरचं इंजिन, शेव्हरलेटचं स्मॉल-ब्लॉक त्याच्या नंतर आलेलं, आणि हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण.

पहिलं पान नवऱ्याचं: "ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून १९३२ ची फोर्ड फाइव्ह-विंडो कूप घेतली. फार पूर्वी कुणीतरी तिची हॉट रॉड केलेली. फेंडर काढलेले, आत १९४८ चं मर्क्युरीचं फ्लॅटहेड व्ही-एट, ब्रेक १९४० च्या फोर्डचे. आमची गाडी देखणी आहे, पण सिग्नलला चार मिनिटं उभी राहिली की तापते. मला फ्लॅटहेड काढून शेव्हरलेटचं स्मॉल-ब्लॉक बसवायचंय. बायको नाही म्हणते आणि कारण सांगत नाही."

दुसरं पान बायकोचं: "ताई, इंजिन हे निमित्त आहे. गेली तीन वर्षं मी त्याच्या गाडीला हात लावलेला नाही. पहिला गिअर कुरकुरला की हा 'अगं, गिअर!' म्हणून ओरडायचा. एक दिवस मी चावी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. गेल्या महिन्यात त्याच्या टूलबॉक्सच्या खालच्या खणात नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडची पावती मिळाली. मला न सांगता घेतलेली. ही गाडी दोघांची आहे, असं अजून म्हणायचं का? की विकून मोकळं व्हावं?"

प्रिय दोघांना,

पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एका पानावर "आमची गाडी" आहे आणि दुसऱ्यावर "त्याची गाडी". गाडी तीच, पैसे दोघांचे, मग हा फरक कुठून आला तेवढं सापडलं की बाकीचं सोपं होईल. इंजिनाबद्दलही सांगणार आहे. मी आणि माझ्या नवऱ्याने फ्लॅटहेडची एक जुनी पिकअप बरीच वर्षं सांभाळली, त्यामुळे तो विषय मला टाळता येणार नाही. पण आधी पावती.

पहिलं पान लिहिणारे, हे तुमच्याशी. पूर्ण पत्रात मला सगळ्यात जड वाटली ती ती पावती. हेड घेतली म्हणून नाही. इंजिन तापतंय, अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, करून बघावं असं वाटलं असेल, आणि तो विचार चुकीचा नाही. पण पावती खणात गेली त्या दिवशी तुम्ही ठरवलंत की या गाडीबद्दल एका माणसाला कळलं तरी पुरे. तुमच्या पत्नीने चावी खुंटीला लावली ती त्याच्या कितीतरी आधी, आणि तुम्ही तीन वर्षं ती तिथेच राहू दिलीत. आज संध्याकाळी खण उघडा, आणखी काही कागद असतील तर तेही काढा, आणि एकदम सगळे समोर ठेवा. एकेक करून नको. एकेक करून निघालेल्या पावत्या प्रत्येक वेळी नव्याने लागतात.

आता गिअर. दुसरं पान लिहिणाऱ्या बाईंना हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं: त्या काळच्या फोर्डच्या तीन गिअरच्या पेटीत सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दातांचा वेग जुळवणारी यंत्रणा, असतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला. पहिल्याला नसतो. गाडी किंचित जरी पुढे जात असली तर पहिला गिअर कुरकुरणार, मग हात कुणाचाही असो. तुमचा हात कच्चा नव्हता. गाडी पूर्ण थांबू द्यायची, क्लच दाबून काठी आधी हलकेच दुसऱ्याकडे टेकवायची म्हणजे आत फिरणारी चाकं शांत होतात, आणि मग पहिला टाकायचा. चार-पाच दिवस मोकळ्या जागी केलंत तर हात आपोआप तसा जाऊ लागेल. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि इंजिनाचा आरपीएम जुळवावा लागतो. ती पुढची गोष्ट, आणि मोठी मजेची.

तुमच्या नवऱ्याला हे माहीत होतं. ओरडण्याच्या ऐवजी ही दोन वाक्यं आली असती तर कदाचित हे पत्रच आलं नसतं. ज्याला जुन्या यंत्राची माया असते त्याला दाताचा आवाज स्वतःच्या हाडात ऐकू येतो, हे मी घरात पाहिलंय. तरी शेजारी बसलेल्या माणसापेक्षा तो दात मोठा नाही.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते. एका रविवारी आम्ही फिरून आलो. नवरा हात धुवायला आत गेला, मी पिकअप गॅरेजमध्ये सरळ लावत होते. इंजिन बंद पडलं, पुन्हा सुरू करताना कार्बोरेटरमधून फटका आला आणि वर जमलेल्या पेट्रोलने पेट घेतला. ज्योत छोटीच होती, वीतभर. आग विझवायचं नळकांडं आमच्याकडे होतं, नवऱ्यानेच आणलेलं, पण ते सीटमागे हत्यारांच्या पिशवीखाली होतं हे मला माहीत नव्हतं. बॅटरी तोडायचा खटका कुठे आहे तेही नाही. मी हाका मारत राहिले. तो धावत आला, त्याने ते उपसून काढलं आणि विझवलं. काउलचा, म्हणजे काचेखालच्या पत्र्याचा, रंग करपला, एवढ्यावर भागलं. पण त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की ज्या गाडीत मी रोज मांडीवर मूल घेऊन बसत आले, तिच्याबद्दल मला काहीच सांगितलेलं नाही, आणि मीही कधी विचारलेलं नाही. त्या रात्री आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी नळकांडं दाराशेजारी, दोघांच्याही हाताला येईल असं लावलं. पेट्रोल आणि वायरिंग दोन्हीच्या आगीला चालणारं. खटका मी स्वतः दहा वेळा वर-खाली करून पाहिला.

म्हणून मला विचाराल तर गाडी दोघांची कधी होते, तर गाडीची खबर दोन डोक्यांत असते तेव्हा. कामाची निम्मी निम्मी वाटणी व्हायलाच हवी असं नाही. एकाला वेल्डिंग आवडतं, दुसऱ्याला नाही, चालेल. पण गाडी सुरू करणं, चालवणं, थांबवणं, आणि आज तिची कुठली नस दुखतेय हे सांगणं दोघांनाही आलं पाहिजे. त्याला सुरुवात करायची तर इंजिनापासून करू नका. ब्रेकपासून करा.

१९३२ च्या फोर्डला मूळचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारे, ब्रेक आणले ते १९३९ च्या गाड्यांत, आणि तेव्हापासून जुन्या फोर्डवर ते बसवणं ही हॉट रॉडवाल्यांची पहिली सुधारणा ठरली. तुमचेही तसेच बसवलेले. हे ब्रेक चांगले आहेत, पण त्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा, एकेरी. चारही चाकांना एकच कप्पा. एका होजला, म्हणजे रबरी नळीला, चीर गेली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेतल्या गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर सर्रास आला तो १९६७ च्या सुमाराला, म्हणजे तुमच्या ब्रेकनंतर पाव शतकाने. तुमच्या पानावर इंजिनाबद्दल बरंच आहे आणि ब्रेकबद्दल जेमतेम एक शब्द. जो पैसा नव्या इंजिनात घालणार होतात त्यातला पहिला वाटा दुहेरी मास्टर सिलिंडर, नवे होज आणि चालता हँडब्रेक यात घाला. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. तापलेली गाडी बाजूला उभी करता येते. न थांबणारी येत नाही.

ते काम झालं की ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते, आणि एकट्याने ते नीट करणं कठीण. एक जण चाकाशी, हवा सोडायच्या निपलवर पाना लावून, काचेच्या बाटलीत नळी बुडवून. दुसरा पेडलवर. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबतो आणि म्हणतो "दाबलंय". खालचा निपल सैल करतो, तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, पेडल खाली जातं. खालचा निपल बंद करतो, मग म्हणतो "सोड". त्या "सोड"च्या आधी वरच्याने पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे तुमच्या गाडीत मागच्या उजव्या. गाडी जॅकवर ठेवून कुणीही खाली जायचं नाही, चार स्टँड लावायचे. आणि दर दोन चाकांनी मास्टर सिलिंडरमधलं तेल बघायचं. या गाड्यांत तो पायाखालच्या फळीखाली असतो, विसरायला फार सोपा.

हे करताना माझी एक अट आहे: बाई चाकाशी बसतील, नवरा पेडलवर. तुमच्याकडे आजवर उलट झालं असणार. पेडलवरच्या माणसाला काही दिसत नाही, तो खालच्याच्या शब्दावर पाय ठेवतो आणि उचलतो. सहा वर्षं बाई पेडलवर होत्या असं समजा, आणि आता जागा बदला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी हे पुन्हा करायचंच आहे.

आता तापण्याचं. फ्लॅटहेडची ही खोड त्याच्या ओतिवातच आहे. झडपा ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्यात, सिलिंडरच्या कडेला. जळालेला वायू बाहेर पडतो तो थेट हेडमधून नाही. ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीला खेटून, तो बाहेरच्या अंगाला येतो. दर बाजूला चार सिलिंडर, पण बाहेर पडायच्या वाटा तीनच, मधल्या दोघांची वाट एकच. म्हणजे एवढी उष्णता पाण्याला देऊनच ते इंजिन श्वास सोडतं. नवी हेड लावून हे बदलत नाही, म्हणून तुमचा खर्च लागू पडला नाही. तरीही व्यवस्थित असलेलं फ्लॅटहेड सिग्नलला उभं राहतं. माझ्या समोर राहिलंय.

मी असते तर या क्रमाने गेले असते. इंजिन गरम झालं की एकाने थ्रॉटल धरायचा आणि दुसऱ्याने दुरून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक घेऊन दोन्ही हेडवर, मग रेडिएटरच्या वर आणि खाली मोजायचं. या इंजिनाला पाण्याचे पंप दोन असतात, दर बाजूला एक, आणि वरच्या दोन होजांत एकेक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापत असेल तर चोर त्या बाजूला आहे. दोन्ही सारख्या तापल्या तर रेडिएटर, पंखा आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. टायमिंग मागे पडलं असेल तर इंजिन न ओरडता तापतं, आणि हे लोक शेवटी बघतात. ते आधी बघा, फुकट आहे. मग ब्लॉक. कारखान्यात ओततानाची वाळू आणि नंतरच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा गंज पाण्याच्या वाटांच्या तळाशी चिखलासारखा बसतो. आमच्या ब्लॉकमधून निघालेला गाळ मी चहाच्या गाळणीने गाळून मोजला होता, दोन मोठ्या बरण्या भरल्या. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. थर्मोस्टॅटविना पाणी नुसतं पळतं आणि सकाळच्या थंडीत इंजिन कधी नीट गरमच होत नाही. आणि जुन्या रेडिएटरवर जास्त दाबाची टोपी लावून उकळणं थांबवायचा मोह टाळा. दाबाने उकळबिंदू वाढतो हे खरं, पण तो रेडिएटर दाबासाठी बनवलेलाच नव्हता. सांधे सुटतील.

एवढं करूनही तापलं, तर हेड काढून ब्लॉक चुंबकीय तपासणीला द्या. झडप आणि सिलिंडर यांच्या मध्ये भेग असेल तर मग इंजिन बदलण्याचं बोलायला हरकत नाही. त्याआधी नाही.

आणि बाई, तुम्हीही एक करा. "नाही" म्हणता आणि कारण सांगत नाही, असं ते लिहितात. दुसऱ्या पानावरही ते कारण मला मिळालं नाही. फ्लॅटहेडचा आवाज आवडतो म्हणून? की तेवढ्या एका गोष्टीवर तरी तुमचा शब्द चालतो म्हणून? दुसरं असेल तर इंजिनाला मध्ये आणू नका, बिचारं आधीच तापलंय. सरळ सांगा.

बदलण्याला माझा तत्त्वाचा विरोध नाही. फोर्डने १९३२ मध्ये ते २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं व्ही-एट सामान्य माणसाच्या गाडीत आणलं, आणि तेच भंगारातून स्वस्तात मिळू लागलं म्हणून कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर गाड्या पळवणारी पोरं त्याच्या मागे लागली. मग १९५५ मध्ये शेव्हरलेटचं २६५ घन इंचांचं स्मॉल-ब्लॉक इंजिन आलं, आणि त्याच पोरांनी फ्लॅटहेड काढून ते बसवायला सुरुवात केली. दोन्ही हॉट रॉडच. फक्त हे लक्षात घ्या की जोर वाढला की मागचं सगळं बदलावं लागतं. ती जुनी गिअरपेटी, तो मागचा एक्सल, दोन्ही त्या जोरासाठी नाहीत. पेटी गेली की पेडलं, शाफ्ट, पेटीवरचा पत्र्याचा बोगदा. एका इंजिनाचा खर्च म्हणून सुरू झालेलं काम दोन वर्षं गाडी स्टँडवर ठेवतं, आणि स्टँडवरची गाडी हळूहळू एकाचीच होते, जो रात्री गॅरेजमध्ये जातो त्याची. तुमच्या बाबतीत मला खरी भीती ती आहे.

कोरड्या सरोवरांवरून वेडा ऑर आठवल्या. त्यांचे पती कार्ल ऑर यांचं कल्व्हर सिटीमध्ये स्पीड शॉप, म्हणजे वेगवान गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, होतं, आणि वेडा स्वतः त्या सरोवरांवर गाडी घेऊन शर्यतीत उतरायच्या, बायका तिथे जवळजवळ नसतानाच्या काळात. दुसऱ्या महायुद्धात शर्यती थांबल्या, मुलं आघाडीवर गेली, तेव्हा शर्यतींच्या संघटनेचं वार्तापत्र चालू ठेवून त्यांनी ते सैन्यातल्या पोरांना पाठवलं. हॉट रॉड म्हणजे पुरुषांचं गॅरेज आणि बायका घडीच्या खुर्चीवर, असं जे चित्र आपण धरून बसतो ते पहिल्या पिढीतही पूर्ण खरं नव्हतं.

कागदांचं थोडक्यात. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, दोघांची नावं आहेत का बघा, आणि मध्ये "आणि" आहे की "किंवा". अमेरिकेत बऱ्याच राज्यांत "किंवा" असेल तर एकाच्या सहीने गाडी विकता येते. टायटलवरचा क्रमांक चॅसीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का तेही. पूर्वी काही टायटलं इंजिनाच्या क्रमांकावर निघत, त्यामुळे इंजिन बदललेल्या गाडीत इथे घोळ असू शकतो, आणि तो विकण्याच्या दिवशी कळू नये. विमा आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर नुकसान झालं की कंपनी तिला नुसती जुनी गाडी समजते.

आणि एक वही ठेवा. फोनमध्ये नको, कागदाची, गॅरेजच्या दाराशी दोरीने बांधलेली. गाडी बाहेर काढणाऱ्याने आल्यावर दोन ओळी लिहायच्या: किती मैल, पाणी किती तापलं, कुठे वास आला, कुठे थेंब पडला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन आठवड्याचे, दोन वर्षाचे. हॉट रॉडचे टायर नक्षी झिजण्याआधी म्हातारे होतात. पेट्रोलच्या नळ्या कधी बदलल्या तेही, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि गळती सुरू होते ती नेमकी गरम इंजिनावर. खर्चही त्याच वहीत. पावतीला मग खणाची गरज उरत नाही. आमच्या वहीत सुरुवातीला सगळं नवऱ्याच्या अक्षरात होतं. तिसऱ्या वर्षी मी सलग पाच पानं लिहिली, आणि एकदा त्याने मला विचारलं, "डावीकडचा पंप कधी बदलला आपण?" मला तारीख पाठ होती.

विकायची का, हे विचारलंत. या सीझनला नका विकू. विकलीत तर पावती, तो गिअरचा आवाज आणि खुंटीवरची चावी तुमच्या घरातच राहतील, गाडी तेवढी जाईल. ब्रेक करा, गाळ काढा, हिवाळ्याआधी निदान वीस वेळा गाडी बाहेर काढा, आणि त्यातल्या दहा वेळा स्टिअरिंगवर बाई असू द्या. त्यानंतरही दोघांपैकी एकाला नको वाटली तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी विकाच म्हणेन, आणि वही गाडीसोबत द्या म्हणेन.

पहिल्या फेरीचं मात्र ठरवून देते. ब्रेकची हवा काढून झाली, पेडल पायाखाली घट्ट लागलं, की चावी खुंटीवरून बाई काढतील. मोकळा रस्ता, सकाळची वेळ, इंजिन थंड. नवऱ्याने उजव्या सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. पहिला गिअर कुरकुरेल, एकदा तरी कुरकुरेलच. तेव्हा तापमानाच्या काट्याकडे बघा आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे परत आल्यावर त्यांना तो वहीत लिहिता येईल.

तुमची,
ताई